संशोधन माहिती व्यवस्थापन प्रणाली

संशोधन माहिती व्यवस्थापन प्रणाली ही विद्यापीठ किंवा संशोधन संस्थेतील संशोधक, प्रकल्प, अनुदाने, प्रकाशने, प्रबंध, पेटंट आणि त्यांचे परस्परसंबंध यांची नोंद एकत्र ठेवणारी संगणकीय प्रणाली होय. युरोपात ती ‘करंट रिसर्च इन्फर्मेशन सिस्टिम’ या नावाने व ‘क्रिस’ या संक्षेपाने ओळखली जाते. एखाद्या संशोधनाविषयीची माहिती एकदाच व अचूक नोंदवावी आणि वार्षिक अहवाल, मूल्यांकन, अनुदानाचा हिशेब, संकेतस्थळ अशा अनेक कामांसाठी तीच वापरावी, हे या प्रणालीमागील मूळ सूत्र आहे.

प्रशासकीय सोय म्हणून सुरू झालेल्या या प्रणालींमधील नोंदी कालांतराने संशोधकाची पदोन्नती, विद्यापीठाचे मानांकन आणि निधीचे वाटप यांचा आधार बनल्या. त्यामुळे प्रणालीत काय नोंदवले जाते, कोणत्या स्रोतातून घेतले जाते आणि काय नोंदीबाहेर राहते, हे प्रश्न केवळ तांत्रिक राहिलेले नाहीत.

व्याप्ती

विद्यापीठात संशोधनाशी संबंधित माहिती सहसा अनेक ठिकाणी विखुरलेली असते. अध्यापकांच्या नेमणुका व पदनामे आस्थापना विभागाकडे, अनुदानाच्या जमाखर्चाच्या नोंदी लेखा विभागाकडे, पीएच.डी. विद्यार्थ्यांची नोंदणी शैक्षणिक विभागाकडे, तर प्रकाशित शोधनिबंधांची यादी ग्रंथालयाकडे किंवा प्रत्येक अध्यापकाच्या स्वतःच्या संगणकावर असते. संशोधन माहिती व्यवस्थापन प्रणाली या सर्व स्रोतांना जोडते.

ही प्रणाली पुढील तीन प्रकारच्या प्रणालींपेक्षा वेगळी आहे, मात्र प्रत्यक्षात त्यांच्या सीमा अनेकदा पुसट होतात.

* संस्थात्मक भांडार: यात शोधनिबंध व प्रबंध यांच्या पूर्ण संहिता साठवल्या जातात. संशोधन माहिती प्रणालीत प्रामुख्याने त्यांचे वर्णन व संबंध असतात.
* अनुदान व्यवस्थापन प्रणाली: प्रस्ताव, मंजुरी, हप्ते, खर्च आणि उपयोगिता प्रमाणपत्रे यांचा हिशेब ठेवणारी प्रणाली.
* उद्धरण निर्देशी: स्कोपस, वेब ऑफ सायन्स यांसारखी विदागारे. ती जगभरातील नियतकालिकांतून नोंदी गोळा करतात. एखाद्या संस्थेच्या संपूर्ण कार्याची नोंद ठेवणे हा त्यांचा हेतू नसतो.

इतिहास

अमेरिकेच्या कृषी विभागाने १९६०च्या दशकात सरकारी निधीवर चालणाऱ्या कृषी संशोधन प्रकल्पांची नोंद ठेवण्यासाठी उभारलेली प्रणाली हे या क्षेत्रातील आरंभीचे उदाहरण आहे. त्या काळातील प्रणालींचा भर ‘सध्या कोठे काय संशोधन चालू आहे’ हे सांगण्यावर आणि त्यायोगे कामाची पुनरावृत्ती टाळण्यावर होता.

युरोपात वेगवेगळ्या देशांच्या संशोधन विदागारांमध्ये देवाणघेवाण व्हावी म्हणून १९९१ मध्ये युरोपीय समुदायाच्या आयोगाने सदस्य राष्ट्रांना एका समान आराखड्याची शिफारस केली. हा आराखडा ‘सेरिफ’ म्हणून ओळखला जातो. पुढे त्याची मोठी पुनर्रचना झाली आणि २००२ मध्ये स्थापन झालेल्या ‘युरोक्रिस’ या ना-नफा संस्थेकडे त्याची देखभाल सोपवण्यात आली.

एकविसाव्या शतकात या प्रणालींच्या प्रसाराला दोन गोष्टींनी गती दिली. पहिली म्हणजे शासकीय मूल्यांकन. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचे राष्ट्रीय मूल्यांकन १९८६ पासून होत आहे. ‘रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्क’ या नावाने झालेल्या २०१४ च्या फेरीत १५४ संस्थांनी ५२,०६१ अध्यापकांचे १,९१,१५० संशोधनफलित सादर केले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर माहिती गोळा करणे, तपासणे आणि तिच्यातून निवड करणे हस्तलिखित याद्यांच्या आधारे अशक्यप्राय होते. दुसरी गोष्ट म्हणजे मुक्त प्रवेशाचा आग्रह. याच मूल्यांकनाच्या २०२१ च्या फेरीसाठी १ एप्रिल २०१६ नंतर स्वीकृत झालेले नियतकालिकांतील लेख ठरावीक मुदतीत संस्थात्मक भांडारात जमा करणे बंधनकारक झाले. लेख केव्हा स्वीकारला गेला याची नोंद ठेवणे त्यामुळे विद्यापीठाची जबाबदारी ठरली.

माहितीची रचना

सेरिफ आराखड्याच्या केंद्रस्थानी व्यक्ती, संघटनात्मक घटक आणि प्रकल्प हे तीन घटक आहेत. त्यांच्याशी प्रकाशन, पेटंट आणि अन्य फलिते हे घटक जोडलेले असतात. या रचनेचे वैशिष्ट्य घटकांपेक्षा त्यांच्यातील दुव्यांमध्ये आहे. प्रत्येक दुव्याला भूमिका, आरंभाची तारीख आणि समाप्तीची तारीख असते.

उदाहरणार्थ, एखादी अध्यापिका पाच वर्षे एका विद्यापीठात सहायक प्राध्यापक होती आणि नंतर दुसऱ्या विद्यापीठात गेली, असे समजू. साध्या तक्त्यात तिच्या नावापुढील संस्था बदलली की जुनी माहिती पुसली जाते. तिने आधीच्या विद्यापीठात असताना लिहिलेले शोधनिबंधही नव्या विद्यापीठाच्या खात्यावर दिसू लागतात. दुव्यांवर आधारलेल्या रचनेत दोन्ही नेमणुका आपापल्या कालावधीसह टिकतात. त्यामुळे कोणता शोधनिबंध कोणत्या नेमणुकीत व कोणत्या अनुदानातून साकारला, हे नंतरही सांगता येते.

ओळखक्रमांक

नोंदींची सरमिसळ टाळण्यासाठी स्थायी ओळखक्रमांक वापरले जातात.

* डीओआय: शोधनिबंध, विदासंच इत्यादींना दिला जाणारा क्रमांक. इ.स. २००० पासून वापरात.
* ऑर्किड: संशोधकाला दिला जाणारा १६ अंकी क्रमांक. ही सेवा ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाली. संशोधक संस्था बदलली, नाव बदलले तरी क्रमांक तोच राहतो.
* रॉर: संशोधन संस्थांसाठीचा मुक्त ओळखक्रमांक. २०१९ मध्ये सुरू. एकाच विद्यापीठाचे नाव लेखांमध्ये अनेक प्रकारे छापले जाते. त्या सर्व रूपांना हा क्रमांक एकत्र आणतो.
* आयएसएसएन: नियतकालिकांसाठीचा आठ अंकी क्रमांक.

प्रमुख प्रणाली

व्यावसायिक प्रणालींमध्ये डेन्मार्कमधील आल्बोर्ग येथील अतिरा या कंपनीने विकसित केलेली ‘प्युअर’, लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील भौतिकशास्त्रज्ञांनी स्थापन केलेल्या सिम्प्लेक्टिक या कंपनीची ‘एलिमेंट्स’ आणि जर्मनीतील अवेदास या कंपनीची ‘कॉन्व्हेरिस’ या विशेष परिचित आहेत. अतिरा २०१२ मध्ये एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेने, तर अवेदास २०१३ मध्ये थॉमसन रॉयटर्सने विकत घेतली. थॉमसन रॉयटर्सचा हा व्यवसाय पुढे क्लॅरिव्हेट या कंपनीकडे गेला. सिम्प्लेक्टिक ही डिजिटल सायन्स या समूहाचा भाग आहे.

मुक्त स्रोत प्रणालींमध्ये ‘डीस्पेस-क्रिस’ आणि ‘व्हिवो’ यांचा समावेश होतो. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था व ह्युलेट-पॅकार्ड यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीस्पेस या भांडार प्रणालीचा विस्तार करून इटलीतील सिनेका या संस्थेने हाँगकाँग विद्यापीठासाठी डीस्पेस-क्रिस तयार केली. व्हिवोचा आरंभ २००३ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात झाला.

काही देशांनी विद्यापीठांवर न सोडता राष्ट्रीय पातळीवर प्रणाली उभारली. नॉर्वेतील ‘क्रिस्टिन’ हे त्याचे ठळक उदाहरण होते. तेथे मान्यताप्राप्त नियतकालिके व प्रकाशनगृहे यांची राष्ट्रीय सूची ठेवली जाते आणि तिच्यात नॉर्वेजियन भाषेतील प्रकाशनांनाही स्थान असते.

विद्यापीठात प्रणाली लागू करणे

उद्दिष्ट व मालकी

प्रणाली आणण्यापूर्वी तिच्याकडून कोणत्या प्रश्नांची उत्तरे हवी आहेत हे ठरवावे लागते. केवळ मूल्यांकनाच्या वेळी आकडे काढण्यासाठी आणलेली प्रणाली आणि संशोधकाच्या रोजच्या कामात उपयोगी पडणारी प्रणाली यांची रचना भिन्न असते. प्रणाली संशोधन विभागाच्या, ग्रंथालयाच्या की संगणक विभागाच्या अखत्यारीत राहील, हा निर्णयही आरंभीच घ्यावा लागतो. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांत या विषयाशी एकाहून अधिक प्राधिकरणे संबंधित आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार संशोधन मंडळ आणि माहिती तंत्रज्ञान मंडळ ही दोन स्वतंत्र प्राधिकरणे आहेत.

अधिकृत स्रोतांची निश्चिती

माहितीच्या प्रत्येक प्रकारासाठी एकच अधिकृत स्रोत ठरवणे ही या कामातील महत्त्वाची पायरी आहे. अध्यापकाचे पदनाम आस्थापना विभागाच्या नोंदीतून आणि अनुदानाची रक्कम लेखा विभागाच्या नोंदीतून आपोआप येत असेल, तर ती नव्या प्रणालीत हाताने भरावी लागत नाही. चूक आढळल्यास ती मूळ स्रोतातच दुरुस्त करायची असते. असे न केल्यास दोन ठिकाणी दोन आकडे राहतात आणि कोणता खरा याविषयी वाद होतो.

निवड

विद्यापीठापुढे सामान्यतः तीन पर्याय असतात: व्यावसायिक प्रणाली विकत घेणे, मुक्त स्रोत प्रणाली स्वतः चालवणे किंवा राष्ट्रीय स्तरावरील सामायिक सेवेत सहभागी होणे. व्यावसायिक प्रणालीत वार्षिक शुल्क द्यावे लागते. मुक्त स्रोत प्रणालीला परवाना शुल्क नसते. परंतु ती चालवणारे कुशल कर्मचारी कायम लागतात. सामायिक सेवेत खर्च कमी असला तरी स्थानिक गरजांनुसार बदल करण्यास कमी वाव असतो. कोणताही पर्याय निवडला तरी सेवा बंद करताना सर्व नोंदी दुव्यांसह खुल्या स्वरूपात परत मिळतील, ही अट करारात असणे महत्त्वाचे मानले जाते.

जुन्या नोंदींचे स्थलांतर

विभागांच्या जुन्या याद्या, वार्षिक अहवाल आणि अध्यापकांचे परिचयपत्र यांतून नोंदी गोळा केल्या की एकच शोधनिबंध अनेकदा आढळतो. दोन सहलेखक वेगवेगळ्या विभागांत असल्यास दोघांच्याही यादीत तो असतो. शीर्षकातील एखादा शब्द किंवा विरामचिन्ह वेगळे असल्यास संगणक त्यांना दोन निबंध समजतो. डीओआय असल्यास जुळणी सोपी होते. नसल्यास शीर्षक, वर्ष आणि नियतकालिक यांवरून माणसालाच निर्णय घ्यावा लागतो. हे काम बहुधा ग्रंथपालांकडे येते आणि त्याला लागणाऱ्या वेळेचा अंदाज नियोजनात अनेकदा चुकतो.

प्रायोगिक टप्पा व प्रशिक्षण

संपूर्ण विद्यापीठात एकाच वेळी सुरुवात न करता दोन-तीन विभागांत आधी प्रयोग केला जातो. त्यासाठी निवडलेले विभाग भिन्न स्वरूपाचे असावे लागतात. रसायनशास्त्रात शोधनिबंध हे मुख्य फलित असते. भाषा विभागात ग्रंथ, संपादित खंड, अनुवाद आणि कोशनोंदी असतात. नाट्य किंवा संगीत विभागात सादरीकरण असते. केवळ विज्ञान विभागांत तपासलेली प्रणाली मानव्यविद्या शाखेत गेल्यावर तिच्यात या फलितांसाठी रकानाच नसल्याचे लक्षात येते.

अनेक प्रणालींमध्ये संशोधकाच्या वतीने नोंद करण्याचा अधिकार विभागातील कर्मचाऱ्याला देता येतो. मात्र नोंद आपलीच व बरोबर आहे, याची अंतिम पुष्टी संशोधकाने करणे अपेक्षित असते.

अपयशाची कारणे

प्रणाली रुजत नाही याचे नेहमी आढळणारे कारण म्हणजे दुबार काम. नव्या प्रणालीत नोंद केल्यानंतरही विभागप्रमुख, गुणवत्ता हमी कक्ष आणि निधी देणारी संस्था आपापल्या नमुन्यात तीच माहिती पुन्हा मागत असतील, तर प्रणाली संशोधकाच्या दृष्टीने आणखी एक तक्ता ठरते. नोंदी अपुऱ्या राहतात, अपुऱ्या नोंदींमुळे अहवालासाठी त्यांच्यावर विसंबता येत नाही आणि कार्यालये पुन्हा स्वतंत्र तक्ते मागवू लागतात. हे चक्र मोडण्यासाठी प्रणाली सुरू होताच जुने नमुने अधिकृतपणे बंद करणे आणि संशोधकाला परिचयपत्र, प्रकाशनसूची, पदोन्नतीचा अर्ज अशा गोष्टी तयार स्वरूपात परत देणे हे उपाय योजले जातात.

भारतातील स्थिती

भारतातील विद्यापीठांसाठी या क्षेत्रातील प्रमुख संस्था म्हणजे गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र. विद्यापीठ अनुदान आयोगाचा उपक्रम म्हणून १९९१ मध्ये सुरू झालेले हे केंद्र १९९६ मध्ये स्वतंत्र आंतरविद्यापीठ केंद्र बनले. या केंद्राच्या पुढील सेवा संशोधन माहितीशी निगडित आहेत.

* शोधगंगा: पीएच.डी. प्रबंधांचे राष्ट्रीय भांडार. आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक केले.
* विद्वान: देशातील तज्ज्ञ व संशोधक यांच्या परिचयांचे विदागार.
* आयरिन्स: पंजाब केंद्रीय विद्यापीठाच्या सहकार्याने विकसित केलेली संशोधन माहिती सेवा. संस्थेतील अध्यापकांचे परिचय व प्रकाशने तिच्यामार्फत संकेतस्थळावर मांडली जातात. ती विद्वान या विदागाराशी जोडलेली आहे.

मूल्यांकनाचा दबाव भारतातही या प्रणालींमागे आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या निकषांत संशोधन, नवोपक्रम व विस्तारकार्य यांचा समावेश आहे. राष्ट्रीय संस्थात्मक मानांकन आराखड्याची पहिली क्रमवारी २०१६ मध्ये जाहीर झाली. तिच्यातील संशोधनाचे गुण ठरवताना आंतरराष्ट्रीय उद्धरण निर्देशींमधील प्रकाशनांची संख्या व उद्धरणे विचारात घेतली जातात.

नियतकालिकांच्या दर्जाबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘केअर’ सूची सुरू केली होती. तिच्या कामात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाची मध्यवर्ती भूमिका होती आणि तिच्यात भारतीय भाषांतील नियतकालिकांचाही समावेश होता. ही सूची बंद करत असल्याचे आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले आणि नियतकालिकांचा दर्जा पारखण्याची जबाबदारी उच्च शिक्षण संस्थांकडे सोपवली.

भाषा, लिपी व नावे

संशोधन माहिती प्रणालींचा बहुतांश स्वयंचलित भाग इंग्रजी नियतकालिके आणि रोमन लिपी गृहीत धरून विकसित झाला आहे. मराठीतील संशोधनाची नोंद करताना त्यामुळे काही विशिष्ट अडचणी येतात.

पहिली अडचण नावांची आहे. महाराष्ट्रात शैक्षणिक कागदपत्रांवर आडनाव, स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव असा क्रम प्रचलित आहे. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असे मानणारी प्रणाली वडिलांच्या नावालाच आडनाव समजते. चौधरी, जाधव यांसारख्या आडनावांची रोमन लिपीत अनेक वर्णलेखने होतात, तर कुलकर्णी, पाटील किंवा देशमुख अशा आडनावांपुढे केवळ आद्याक्षरे असली की भिन्न व्यक्तींचे निबंध एकाच व्यक्तीच्या नावावर जमा होतात. विवाहानंतर नाव बदललेल्या संशोधिकांचे कार्य दोन परिचयांत विभागले जाण्याचा संभव असतो. ऑर्किड क्रमांकाने ही अडचण बरीच कमी होते. मात्र तो क्रमांक सुरू होण्यापूर्वीच्या लेखांना तो हाताने जोडावा लागतो.

दुसरी अडचण लिपीच्या संगणकीय रूपाची आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी, तसेच त्यानंतरही काही काळ, मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा टंकांमध्ये जुळवला जात असे. अशा संचिका पडद्यावर देवनागरीत दिसल्या तरी आतील संकेत वेगळे असतात. त्यामुळे त्यातील शीर्षक शोधता येत नाही आणि प्रणालीत उतरवले असता निरर्थक अक्षरे उमटतात. अशा नोंदी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतात किंवा नव्याने टंकित कराव्या लागतात.

तिसरी अडचण निर्देशीकरणाची आहे. अनेक मराठी संशोधन नियतकालिकांच्या लेखांना डीओआय नसतो आणि आंतरराष्ट्रीय उद्धरण निर्देशींमध्ये त्यांचा समावेश नसतो. केवळ या निर्देशींतून नोंदी आयात करणाऱ्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मराठी, इतिहास किंवा लोकसाहित्य या विषयांचा अध्यापक, त्याचे ग्रंथ व लेख प्रसिद्ध असूनही, जवळजवळ निष्क्रिय दिसू शकतो. प्रणालीत हाताने नोंद करण्याची सोय असणे, मूळ शीर्षक देवनागरीत जपणे आणि अशा नोंदींना अहवालात समान स्थान देणे यांवर उपाय अवलंबून असतो. विद्वत्तेच्या प्रसारातील बहुभाषिकतेचा पुरस्कार करणारे ‘हेलसिंकी आवाहन’ २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यात मूल्यांकनात भाषेच्या कारणाने भेदभाव होऊ नये, ही भूमिका मांडली आहे.

टीका

या प्रणालींवरील प्रमुख आक्षेप मोजमापाविषयी आहे. नोंदी एकत्र आल्या की संख्या काढणे सोपे होते आणि सोपी संख्या निर्णयाची जागा घेते, असे टीकाकार म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये मांडलेला एच-निर्देशांक अनेक प्रणालींत परिचयावर आपोआप दिसतो. वास्तविक भिन्न विद्याशाखांतील उद्धरणांचे प्रमाण भिन्न असल्याने त्याची थेट तुलना योग्य ठरत नाही. नियतकालिकाच्या प्रभावगुणकावरून संशोधकाचे मूल्यमापन करू नये, असे आवाहन करणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ मध्ये तयार झाला. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने संख्यात्मक निर्देशकांनी तज्ज्ञांच्या निर्णयाला साहाय्य करावे, त्याची जागा घेऊ नये, हे तत्त्व मांडले. ज्यांचे मूल्यमापन होते त्यांना आपली विदा तपासता आली पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे.

दुसरा आक्षेप मालकीविषयी आहे. प्युअर आणि स्कोपस या एल्सव्हिअरच्या, कॉन्व्हेरिस आणि वेब ऑफ सायन्स या क्लॅरिव्हेटच्या, तर एलिमेंट्स आणि डायमेन्शन्स या डिजिटल सायन्सच्या सेवा आहेत. विद्यापीठाचे कर्मचारी नोंदी तपासून दुरुस्त करतात, तरी त्या विदेचे व्यावसायिक मूल्य कंपन्यांकडे जाते, असा मुद्दा उपस्थित केला जातो. या पार्श्वभूमीवर २०२२ मध्ये ‘ओपनअलेक्स’ हे मुक्त विदागार सुरू झाले. फ्रान्समधील सोर्बॉन विद्यापीठाने २०२४ पासून वेब ऑफ सायन्सची वर्गणी थांबवून मुक्त पर्यायांकडे वळण्याचा निर्णय घेतला. एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बार्सिलोना जाहीरनाम्यात संशोधनाविषयीची माहिती मुक्त ठेवणे हा संस्थांचा सर्वसाधारण नियम असावा, असे म्हटले आहे.

तिसरा आक्षेप खासगीपणाचा आहे. प्रणालीत सार्वजनिक परिचयासोबत नामंजूर झालेले प्रस्ताव, अंतर्गत मूल्यांकन, रजेच्या नोंदी अशी संवेदनशील माहितीही असू शकते. भारतात अशा वैयक्तिक विदेसंबंधीची तत्त्वे डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये मांडली आहेत. कोणती नोंद सर्वांना दिसावी, कोणती केवळ विभागाला आणि कोणती फक्त संबंधित संशोधकाला, हे प्रणाली लागू करतानाच निश्चित करावे लागते.